राखेने घासलेला तवा

बू तुमिनींनी पानांच्या रसानं हिरवं झालेलं पळीभर पीठ तव्यावर ओतलं आणि सवयीनं गॅस मोठा केला. क्षणात पिठाला भोकं पडली, कडा करपल्या.

"जळलं मेलं!" त्या करवादल्या. "हा तवा आहे की भातुकलीतलं खेळणं? हाताला वजनसुद्धा लागत नाही."

"बू, आच मंद ठेवा," सून वुलान दारातूनच म्हणाली. सगळ्यांसारखीच तीही सासूला 'बू', म्हणजे आई, म्हणे. "आणि ते तेल पुसून टाका. याला लागत नाही."

"तुझा नवरा रांगत होता तेव्हापासून दादार करतेय मी. आता तू शिकव मला!"

वुलाननं नुसतं एक फडकं त्यांच्याजवळ आणून ठेवलं. पहिल्या नॉनस्टिक तव्याच्या वेळीही तिनं वाद घातला नव्हता. तो तवा बूंनी चुलीची राख आणि नारळाचा काथ्या घेऊन असा घासला, की सगळा काळा थर निघून खालचा पांढरा धातू दिसायला लागला. वर उन्हात धरून म्हणाल्या, "बघ, किती मळ होता! दुकानदारानं तसाच विकला." वुलाननं तो मुकाट्यानं आत नेला आणि काही दिवसांनी दुसरा आणला. सोबत एक लाकडी उलथनं.

विहिरीपाशी पाय घसरून मनगट मोडलं, तेव्हापासून बूंना लोखंडी तवा एका हातानं पेलत नव्हता. आणि दादारचं पातळ घावन म्हणजे तवा हातात धरून फिरवायलाच हवा. चूल सुनेकडे गेली. बू शेंगा निवडत बसायच्या, आपल्याच घरात पाहुण्यासारख्या. आज गल्लीतल्या बायकांचं धर्मग्रंथाचं पठण त्यांच्याकडे होतं, आणि ज्या घरी पठण, त्या घरच्या बाईच्या हातचं खायचं, ही रीत. शेजारची मुरनी मात्र सगळ्यांदेखत म्हणाली होती, "या खेपेला बाजारातून मागव गं. हात थकले की मान्य करावं माणसानं." ते बूंच्या फार जिव्हारी लागलं होतं.

त्यांनी तेल पुसलं. गॅस बारीक केला. पीठ ओतून तवा दुखऱ्या हातानंच उचलला, गोल फिरवला. मनगटानं तक्रार केली नाही. मग नुसती वाट पाहिली, जी त्यांना मुळीच जमत नसे. कडा आपसूक सुटल्या. बशीवर तवा तिरका केला, तर दादार अलगद घसरून खाली आला. अख्खा, आणि इतका पातळ की बशीवरची फुलं खालून दिसत होती.

"अगं बाई!" बू म्हणाल्या, आणि लगेच पुढची पळी ओतली.

दुपारी परात बघता बघता रिकामी झाली. गूळखोबऱ्यानं भरलेली गुंडाळी तोंडात असतानाच मुरनीनं आणखी एक उचलली.

"हात बरा झाला वाटतं?"

"हाताला काय धाड भरलीय माझ्या!"

पठणानंतर मुरनी भांडी घासायला बसली. तिनं काथ्या राखेत बुडवला आणि तवा पुढे ओढला.

"ठेव खाली!" बू केवढ्यांदा ओरडल्या. "राख लागली की संपला तो. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस्स."

"तुला गं कुणी सांगितलं?"

बू हनुवटी वर करून म्हणाल्या, "आमच्या वुलाननं घालवला ना एक तसाच!"

आणि पाहतात तो वुलान पेले घेऊन दारातच उभी. बूंचे कान तापले.

"हो ना," वुलान म्हणाली. "घासून घासून चकचकीत केला मी. वर उन्हात धरून दाखवला बूंना."

मुरनी पोट धरून हसली. बूही हसल्या, जरा उशिरानं.

बायका गेल्यावर बूंनी तवा स्वतः धुतला, पुसला. भिंतीवरचा लोखंडी तवा दोन्ही हातांनी खाली उतरवून ठेवला आणि त्याच्या खिळ्यावर नवा टांगला.

"उद्या सकाळचं मी बघते," त्या सुनेकडे न पाहताच म्हणाल्या. "तू झोप निवांत. आणि माझ्या तव्याला लोखंडी उलथनं लावशील तर बघ!"