वगदीच्या नावावर

“हे काळं यायला हवं होतं,” मी फोन वगदीच्या नाकासमोर धरला. “का नाही आलं?”

वगदी वालांचा पाव खात होता. चावता चावता थांबला.

आमचं ॲप इस्कंदरियात, म्हणजे अलेक्झांड्रियात, औषधं घरपोच देणारं. वगदी ते लिहायचा, मी फोनवर तपासायची. एकदाच लिहायचं आणि अँड्रॉइड, आयफोन दोन्हीकडे चालवायचं, यात त्याचा हातखंडा. कार्डानं पैसे भरायची सोय मात्र त्यानं स्वतः लिहिली नव्हती. एका कंपनीची तयार लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला कोड, आणून तिनं ॲपमध्ये नीट नांदावं म्हणून महिनोन् महिने डोकं फोडलं होतं. कार्डाचा नंबर टाकायची खिडकी ती लायब्ररीच उघडायची. नंबर परस्पर बँकेकडे जायचा, आमच्या ॲपला दिसायचासुद्धा नाही. अँड्रॉइडवर त्या खिडकीचा स्क्रीनशॉट काढला तर नुसता काळा चौकोन यायचा. तो काळा आला की मी निश्चिंत व्हायची. आज मात्र स्क्रीनशॉटमध्ये अख्खा नंबर लख्ख वाचता येत होता.

“तपासायला म्हणून तुम्हीच उघडं ठेवलंत का?”

“मी त्या खिडकीला बोट लावलेलं नाही, बाई.” त्यानं संगणक ओढला, खाली-वर पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. “ही त्यांची खिडकी नाहीच, इनास. रंग तोच, अक्षरं तीच. कुणीतरी हुबेहूब दुसरी काढून बसवलीय.”

“मग नंबर जातो कुठे?”

उरलेला पाव त्यानं कागदात गुंडाळून ठेवला.

आमचे मालक रफअत बे, म्हणजे रफअतसाहेब, याआधीच एकदा त्याच्या मागे लागले होते. “बाशमुहंदिस,” इंजिनियरला आमच्याकडे असंच म्हणतात, “नंबर आपल्याकडेच साठवला तर बिघडलं कुठं? गिऱ्हाइकाला परत परत टाकायचा त्रास नको.” वगदी म्हणाला होता, “बे, लोकांच्या घराच्या किल्ल्या खिशात घालून मला झोप लागायची नाही.” बे मोठ्यांदा हसले आणि विषय संपला. पण त्यानंतर त्यांचा भाचा हातेम ऑफिसात संगणक घेऊन बसायला लागला, दार लावून. कुठंतरी पाणी मुरतंय हे मला कळत होतं. मी गप्प बसले. पगारी माणसाला तोंड असतं, पण ते महिनाअखेरीपुरतं.

खरी गंमत म्हणजे लोकांच्या किल्ल्या वगदीच्याच खिशात असायच्या. बकोस वस्तीत तो आणि आम्ही एकाच इमारतीत राहतो. पेन्शनच्या दिवशी इमारतीतले सगळे म्हातारे-म्हाताऱ्या आपापली कार्डं त्याच्या हातात देत, पिनसकट. आमच्याकडे पिन लपवला तर माणसाला वाईट वाटतं. सांगितला म्हणजे तो आपला. माझी आई, हाज्जा सुआद, तर गॅलरीतून ओरडून सांगायची, सगळी गल्ली ऐकायची. वगदी एटीएमच्या यंत्रापाशी उभा राहून एकेकाचे पैसे काढायचा आणि दारोदार पोचवायचा. या सगळ्यांच्या फोनमध्ये आमचं ॲप कुणी घातलं? त्यानंच. “तू केलंयस ना, मग टाक माझं कार्ड,” म्हणाली होती आई.

आम्ही दोघं बेंच्या खोलीत गेलो. बाहेर मकनिसाचं, नोव्हेंबरात समुद्रावरून येणारं, वादळ घोंघावत होतं, काचा थडथडत होत्या. बेंनी स्वतःच्या हातानं चहा ओतला. हा माणूस फक्त गरजेपुरता गोड व्हायचा, तेरड्याचा रंग तीन दिवस तसा.

“खिडकी कुणी बदलली, बे?” वगदीनं विचारलं.

“तुम्हीच की,” बे शांतपणे म्हणाले. “स्टोअरवर ॲप चढतं ते तुमच्या खात्यातून, तुमच्या नावानं. मी औषधं विकणारा अडाणी माणूस. मला यातलं काय कळतं?”

कोपऱ्यात बसलेल्या हातेमनं फोनमधून मानही वर केली नाही. “वगदीकाका, तुम्हाला दोन मुली ना? एकट्याच जातात कॉलेजला. जपा हो.”

वगदीनं चहा न घेताच ग्लास बशीवर ठेवला.

“किती लोकांनी कार्डं टाकलीत आतापर्यंत?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“देवाची कृपा आहे, पोरी,” बे हसले. “चहा घे, गार होतोय.”

जिन्यात वगदी म्हणाला, “खातं माझं म्हणाला ना? ठीक आहे. माझंच.”

जागेवर येऊन त्यानं ॲप स्टोअरवरून उतरवलं. मग सगळ्या गिऱ्हाइकांना जाणारा निरोप लिहायला बसला: कार्ड ताबडतोब बंद करा, या ॲपमधून नंबर चोरले जात आहेत. खाली लिहिलं, वगदी अब्दुल मलिक, ॲप लिहिणारा.

“नाव कशाला टाकताय!” मी त्याचा हातच धरला. “हात दाखवून अवलक्षण! उद्या तेच तुमच्यावर उलटवतील.”

“बिननावाच्या निरोपावर कोण कार्ड बंद करतंय, इनास? लोकांनी माझ्या नावावर कार्डं टाकलीत. बंद करतील तर माझ्याच नावावर करतील.”

आणि त्यानं निरोप सोडला.

बऱ्याच लोकांची कार्डं वाचली. काहींचे पैसे आधीच गेले होते. आईचं अख्खं पेन्शन त्यातच गेलं. रफअत बेंनी त्याच संध्याकाळी तक्रार ठोकली, की नोकरानं कार्डं चोरली आणि पकडला जाईन म्हणून बोभाटा केला. पुरावा काय? निरोपाखालचं नाव. वगदीला उचलून नेलं, त्याचा संगणक नेला, पुढं जामिनावर सोडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी जबानी दिली, इमारतीत दारोदार घसा फोडला. “तू त्याच्याच शेजारी बसणारी,” म्हणाले लोक.

त्याला कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. सलाम करायचे, तब्येत विचारायचे आणि बोलता बोलता खिशावर हात ठेवायचे. कार्ड मात्र कुणी दिलं नाही. मुलींना तो रोज स्वतः कॉलेजात सोडून यायला लागला. नोकरी नव्हतीच, वेळच वेळ होता.

आईला नवीन कार्ड मिळालं. पेन्शनच्या दिवशी मी तिला ट्रामच्या थांब्याजवळच्या यंत्राकडे घेऊन गेले. जन्मात कधी यंत्रासमोर उभी राहिलेली नाही ती, आणि मला हातही लावू देईना. कार्ड आत गेलं की यंत्र ते परत बाहेर टाकत होतं. मागची रांग कुरकुरायला लागली. वळून पाहिलं तर रांगेत वगदी.

“हाज्जा, उलटं घालताय,” तो जागेवरूनच हळू म्हणाला. “चकचकीत चिप वर, आतल्या बाजूला.”

आईनं कार्ड फिरवलं. या वेळी यंत्रानं पिन विचारला. आईनं बोट उचललं, थबकली, खांद्यावरून वळून त्याच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा बटणांवर आडवा धरला.

“आई!” मी दात-ओठ खात म्हटलं. शरमेनं मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

वगदीनं तोवर आमच्याकडे पाठ केली होती.

“बोलू नकोस त्यांना,” तो रस्त्याकडे तोंड करून म्हणाला. “बरोबर करतायत. असंच झाकायचं, हाज्जा. कुणी का असेना मागं.”

आईनं नोटा पिशवीत घालून वरची चेन ओढेपर्यंत तो तसाच उभा होता.