शेवटचा रकाना

माझ्या जावयांना दिसत नाही, पण घरातला कॉम्प्युटर तेच चालवतात. पडद्यावर जे येईल ते कॉम्प्युटर बोलून सांगतो, आणि यांची बोटं चालू होतात. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल ऐकून टाइप करायचे, हे त्यांचं काम. एका मोठ्या इस्पितळाने कायमच्या नोकरीसाठी त्यांची चाचणी ठेवली होती. ती घरूनच, आपल्याच कॉम्प्युटरवर द्यायची. आणि नेमकी आदल्या दिवशी सकाळी त्यातली जुनी डिस्क कुरकुरायला लागली. कॉम्प्युटर सुरू होता होता मध्येच मान टाकायचा.

लेक नर्स आहे. दुपारी ड्यूटीवर निघताना तिने नवी डिस्क, एसएसडी म्हणतात ती, आणि विंडोजचा पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. म्हणाली, "आई, त्यांना पडद्यावरचं वाचून दाखव." नव्या डिस्कवर विंडोज चढेपर्यंत कॉम्प्युटर मुका असतो. तेवढ्यापुरती बोलायची सोय असते म्हणे, पण आमचं मशीन हूं की चूं करेना.

अडचण माझी होती. मी लिहावाचायला शिकले ती केस पांढरे झाल्यावर. इंग्रजी अक्षरं ओळखते, पण सुटी सुटी. त्यांचा शब्द काही होत नाही.

"शब्द कशाला हवा," जावई म्हणाले. "तुम्ही अक्षरं सांगा. जोडायचं माझ्याकडे लागलं."

त्यांनी कॉम्प्युटरचं खोकं उघडलं. काढलेला प्रत्येक स्क्रू टेबलावर अशा जागी ठेवला की परत हात तिथेच पडावा. तळहाताएवढी ती नवी डिस्क अंगठ्याने चाचपली, खाच कुठल्या अंगाला आहे ते पाहिलं, आणि केबल एका दाबात बसवली. मी चष्मा लावून डोळे बारीक केले, तरी मला ती खाच दिसली नव्हती.

"जुनीही राहू दे जोडलेली," ते म्हणाले. "माझं सगळं तिच्यातच आहे. हं, आई, वाचा. मोठ्याने, आणि सावकाश."

"सासूला हुकूम सोडताय."

"अशी संधी परत कधी यायची."

मी आय, एन, एस म्हणेपर्यंत ते "इन्स्टॉल" म्हणून मोकळे व्हायचे. नंतर नंतर तर मी तोंड उघडायच्या आतच पुढे काय येणार हे तेच मला सांगायला लागले. डिस्कची यादी आली तेव्हा मी आकडे वाचले. त्यांनी टेबलावर बोटाने एकाखाली एक ओळी ओढल्या, बाणाचं बटण दाबत नव्या डिस्कपाशी गेले आणि एंटर मारला. विंडोज निमूट चढलं. मग जुनीला आता विश्रांती, असं म्हणून त्यांनी तिची केबल काढली आणि मशीन सुरू केलं.

काळा पडदा. वर एक पांढरी ओळ.

"एन, ओ. मग मोकळी जागा. बी, ओ, ओ, टी..."

"पुरे. म्हणतोय, सुरू होण्याजोगी डिस्कच नाही."

मी पडद्याला नाक लावून तीच ओळ पुन्हा वाचली. ते मात्र खुर्चीत मागे टेकले. दुसरं कोणी असतं तर टेबलावर हात आपटला असता. हे बोटाने मघाच्याच ओळी पुन्हा ओढत राहिले.

"आई, मघाशी त्या यादीत डावीकडून उजवीकडे सगळं वाचलंत?"

"वाचलं की. शेवटचा रकाना तेवढा सोडला."

"का हो?"

"शेवटचा रकाना सहीचा असतो. नाहीतर अंगठ्याचा. तो कोण वाचतं?"

ते इतके हसले की मलाही हसू आलं. मग डोळे पुसत म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. जुनी डिस्क आधीच काढून ठेवायची असते, ती मीच ठेवली. विंडोज गेलं नव्या डिस्कवर, पण मशीनला जागं करणारा भाग बसला जुनीवर. त्या रकान्यात तेच लिहिलं असणार. जुनी काढली, आता याला उठवणार कोण?"

न पाहिलेल्या पडद्यावरची न वाचलेली जागा या माणसाने बसल्या बसल्या शोधून काढली. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले.

मग जुनी बाहेर ठेवून पहिल्यापासून सगळं केलं. नव्या डिस्कवरचं मघाचं पुसलं, यादी पुन्हा आली, आणि या खेपेला मी सहीचा रकानासुद्धा वाचला. एस, वाय, एस.

"सिस्टीम," ते म्हणाले. "उठवणारा बसला जागेवर."

मशीन उठलं. त्यांनी दोन-चार बटणं दाबली आणि आतून एक बाई बोलायला लागली. त्यांनी तिचा वेग वाढवत नेला. शेवटी ती इतक्या भरभर बोलायला लागली की मला नुसती भुणभुण ऐकू येत होती. हे मान डोलावत होते, टाइप करत होते, मधूनच तिला अर्ध्यात तोडत होते. जुनी डिस्क परत जोडून तिच्यातलं होतं नव्हतं ते त्यांनी नवीवर उतरवून घेतलं. मी शेजारी आहे हे त्यांच्या ध्यानातही नसावं, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

सकाळी चाचणीच्या वेळी त्यांनी दार लावून घेतलं. कोणी बेल वाजवू नये म्हणून मी जिन्यात स्टूल टाकून बसले. आतून सारखी टकटक येत होती. मध्येच ती थांबली आणि मी उठून दाराला कान लावला. मग त्यांच्या खोकल्याचा आवाज आला, पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवल्याचा आला, आणि टकटक पुन्हा चालू झाली, आधीपेक्षा भरभर.