पेढा खायच्या आधी

लातूरच्या रिंग रोडला गाडी लागली तेव्हा शेषेराव नरवाड्यांच्या तोंडाला कोरड पडली होती. अर्धा ग्लास रस घ्यावा म्हणून ते रसवंतीवर उतरले. रसवंतीवाल्याने चरक थांबवला, त्यांना निरखून पाहिलं आणि आरोळी ठोकली, "बाबा आले, बोंबला!" बाकड्यावरची माणसं खो खो हसली. शेषेरावांनी अजून रससुद्धा मागितला नव्हता.

त्यांचा दोष एवढाच, की विष्णुपुरीच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून इमानेइतबारे नोकरी करता करता त्यांनी नांदेडच्या एका केबल चॅनेलवरच्या विनोदी कौटुंबिक मालिकेत बापाचं काम घेतलं. 'बाबा आले, बोंबला' हे तिचं नाव. पुढे ती मोबाइलवरही दिसायला लागली, आणि मराठवाड्यात जिथवर रेंज पोचते तिथवर शेषेराव मूर्ख म्हणून सुप्रसिद्ध झाले.

मालिकेचा लेखक, दिग्दर्शक आणि कॅमेरामन एकटा व्यंकटी. आधी तो लग्नांचे व्हिडिओ काढायचा, त्यामुळे कुटुंबाविषयी त्याच्या मनात फारसे गैरसमज उरले नव्हते. त्याचे नियम ठरलेले. "बाप येडा पाहिजे काका, आई शहाणी. शेजारी न विचारता घरात घुसतो, अन् नेमका नको तव्हाच घुसतो. कुणी कायबी लपवलं की जाहिरातीच्या आत फुटलं पाहिजे. शेवटाला समदे सोफ्यावर, आईचा हात बापाच्या खांद्यावर. अन् पुढच्या भागाला कुणालाच कायबी आठवत न्हाई."

हसूही ठरलेलं होतं. किनवटच्या एका वसतिगृहातल्या पोरांना गुलाबजाम खाऊ घालून व्यंकटीने एकदाच भरपूर हसवून घेतलं होतं. तेच हसू तो प्रत्येक भागात वाक्यावाक्याला वापरायचा. "जरा शांत झालं की लोक चॅनेल बदलतेत," असं म्हणून शांतता दिसेल तिथे तो किनवटची पोरं सोडायचा.

आजचं काम मात्र मालिकेतलं नव्हतं. शेषेरावांच्या एकुलत्या एका मुलीचं, तनुजाचं, लातूरच्या बनसोडे गुरुजींच्या धम्मदीपशी जमत आलं होतं. मुलगी बघून झाली होती. आज मुलीकडच्यांनी घर बघायचं आणि पेढा खाऊन होकार पक्का करायचा. पण तनुजाला फिट यायची. नववीपासूनचं दुखणं. गोळ्या चालू होत्या, ती बँकेत नोकरी करत होती आणि अलीकडे काही त्रास नव्हता. तरी दुखणं ते दुखणंच. तिने स्वतः फोन करून धम्मदीपला सांगितलं होतं. तो म्हणाला, माझं काही म्हणणं नाही, पण आमच्या घरच्यांना तुझ्या बाबांनीच सांगू दे. मागाहून कळलं तर फसवलं म्हणतील, आणि जन्मभर तुलाच ऐकवतील.

सकाळी निघताना तनुजा गेटला हात लावून उभी राहिली. "बाबा, पेढा खायच्या आधी सांगायचं. तुम्ही न्हाई सांगितलं तर साखरपुड्यात माईक घेऊन मी सांगीन."

ती सांगेल, याबद्दल शेषेरावांना अजिबात शंका नव्हती. शेवटी ती शहाण्या आईची मुलगी होती.

बनसोड्यांचं दार तारामतीबाईंनी उघडलं. "या, जय भीम! बाबा आले..." एवढं बोलून त्यांनी तोंडाला पदर लावला. गुरुजी मुरुडच्या शाळेतून निवृत्त झालेले, करारी माणूस. तेही मिशीत हसले. लातुरात घर दाखवायचं म्हणजे खोल्यांच्या आधी पाण्याची टाकी दाखवायची. गुरुजींनी सगळ्यांना गच्चीत नेऊन टाकीचं झाकण उघडलं.

"मोठी हाय टाकी," शेषेराव म्हणाले.

तारामतीबाई हसल्या. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाईसुद्धा हसली.

खाली येऊन सगळे बसले. शेषेराव, त्यांच्या पत्नी विशाखाताई आणि गाडी चालवून आलेला मेहुणा अश्वजित सोफ्यावर. गुरुजी खुर्चीत, धम्मदीप दाराशी. पोहे झाले, चहा झाला. तारामतीबाई पेढ्यांची प्लेट घेऊन आल्या.

"पेढ्याच्या आधी एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "आमच्या तनुजाला फिट येते."

तारामतीबाईंनी मांडीवर थाप मारली. "चाळिसावा भाग! अहो, चाळिसावा भाग हो गुरुजी! 'पोरगी घोरती, झोपेत चालती, अन् मिरगीबी हाय!'"

चाळिसाव्या भागात मुलीचं लग्न मोडायला निघालेला बाबा पाहुण्यांना हेच सांगतो. वाक्य व्यंकटीचं होतं आणि शेषेरावांनी ते लिहिल्याप्रमाणे म्हटलं होतं. भाग लागला त्या दिवशी तनुजा टीव्हीसमोरून उठली आणि आतल्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली. कपड्यांच्या घड्या आधीच घातलेल्या होत्या.

"तसं न्हाई ताई," शेषेराव म्हणाले. "खरंच येते."

"चेहरा बघा, चेहरा!" गुरुजींना ठसका लागला. शेषेरावांचा गंभीर चेहरा हाच तर मालिकेचा प्राण होता. ते जितके कळवळून बोलत तितके लोक जास्त हसत. शेषेरावांनी चेहरा आणखी गंभीर केला, आणि तारामतीबाईंनी डोळे पुसले.

अश्वजित त्यांच्या कानाशी लागला. "दाजी, तुम्ही सांगितलं, त्यांनी ऐकलं. तुमचं काम संपलं. आता खा."

"त्यांना कुठं कळलंय?"

"ते त्यांचं त्यांनी बघावं. उद्या कुणी म्हणलं फसवलं, तर आम्ही साक्षीला हावच की."

विशाखाताईंनी कोपर मारलं. त्या कोपराचा अर्थ काय, हे पंचवीस वर्षांच्या संसारानंतरही शेषेरावांना लागेना. सांगा म्हणून मारलं, की गप बसा म्हणून?

तारामतीबाईंनी पेढा त्यांच्या तोंडाशी आणला. "घ्या बाबा, तोंड गोड करा."

शेषेरावांनी पेढा हातात घेतला. तुपाचा वास आला. खाल्ला असता तर सगळं सोपं होतं. बाप सांगतो, सगळे हसतात, सगळे सोफ्यावर बसतात, पुढच्या भागाला कुणाला काही आठवत नाही. फक्त पुढचा भाग या घरात झाला असता, या फरशीवर, तनुजाच्या तोंडाला फेस आला असता आणि वर कुणीतरी म्हणालं असतं, तुझा बाप तर हसत होता.

दाराशी धम्मदीप उभा होता. तो एकटाच हसत नव्हता.

शेषेरावांनी पेढा प्लेटमध्ये परत ठेवला आणि ते काहीच बोलले नाहीत.

"आता बघा हां, आता कायतरी म्हणणार," तारामतीबाई म्हणाल्या.

ते काही म्हणाले नाहीत. गुरुजी थोडं हसले. मग थोडं कमी हसले. किनवटची पोरं इथे यायची नव्हती. पंखा कुरकुरत फिरत होता, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. तारामतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने मुलाकडे, मुलाने खाली. शेषेरावांच्या कपाळावरून घामाचा ओघळ भुवईत उतरला. त्यांनी तो पुसला नाही. पुसला असता तर लोक हसले असते.

"नरवाडे साहेब," अखेर गुरुजी म्हणाले, आणि आज पहिल्यांदाच कुणी त्यांना आडनावाने हाक मारली. "तब्येत बरी आहे ना?"

"माझी बरी हाय. तनुजाला नववीत पहिली फिट आली. शाळेत, प्रार्थनेच्या रांगेत. डॉक्टर नांदेडचेच, त्यांचा नंबर देतो, तुम्ही सोता बोला. गोळी रोज घ्यावी लागते, चुकवून चालत न्हाई. बरेच दिवस झाले, आली न्हाई. पुन्हा येणारच न्हाई, असं मी म्हणू शकत न्हाई." त्यांनी फोन काढून डॉक्टरांचा नंबर पुढे केला. "टीव्हीतलं ते लिहून दिलेलं असतं. हे न्हाई."

गुरुजींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "धम्मा, तुला माहीत होतं?"

"हाव. मीच म्हणलो, त्यांनी सांगू दे."

"आणि आम्ही दात काढत बसलो," गुरुजी म्हणाले. हे नेमकं कुणाला उद्देशून होतं ते कळलं नाही. लाज होती की राग, तेही कळलं नाही.

तारामतीबाई बराच वेळ पेढ्यांकडे बघत बसल्या. मग त्यांनी विशाखाताईंना विचारलं, "गोळी उपाशीपोटी का जेवून?"

"जेवून," विशाखाताई म्हणाल्या. "रात्रीची. उशिरा जेवण झालं तर तिला बिस्कीट तरी द्यावं लागतं."

"हं," असं म्हणून तारामतीबाई उठल्या आणि प्लेट घेऊन आत गेल्या. धम्मदीप त्यांच्या मागोमाग गेला, मग गुरुजीही. आतला दरवाजा लोटला गेला. बोलणं ऐकू येत होतं, शब्द लागत नव्हते. एकदा तारामतीबाईंचा आवाज चढला, मग धम्मदीपचा, मग कुणीतरी कुकर उतरवला.

सोफ्यावर तिघं ओळीने बसली होती, अगदी शेवटच्या दृश्यात बसतात तशी. अश्वजित गाडीच्या किल्लीशी खेळत होता. कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर नव्हता. शेषेरावांचा फोन वाजला. तनुजाचा होता.

"सांगितलं का?"

"सांगितलं."

"हसले?"

"आधी हसले. मग न्हाई."

"मग? पेढा?"

शेषेरावांनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. "आत नेलाय," ते म्हणाले. "आम्ही बसलोय."