नावाची भांडी

तराजूत ठेवण्याआधी कचरूशेठने हंडा उलटसुलट करून पाहिला आणि काठाखालची अक्षरं अंगठ्याने पुसली.

"साळूबाई कोन?" त्याने विचारलं.

समोर बसलेली बाई दचकली. वाटूरहून सकाळच्या एसटीने ती जालन्याला आली होती. तांब्याचा हंडा मोडीत घालायचा आणि स्टीलचा घेऊन जायचा, एवढंच तिचं काम होतं.

"मीच साळूबाई. तुम्हाला कोनी सांगितलं?"

"हंड्यानं. वाचू का? 'चि. सौ. कां. साळूबाई हीस आई गिरिजाबाईकडून सप्रेम भेट.'"

बाई हंड्याजवळ सरकली. मग म्हणाली, "आजून एकदा वाचा."

त्याने पुन्हा वाचलं.

"मायचं बी नाव हाय?"

"हाय की."

"लगीन झाल्यापासून पानी भरून राह्यले ह्याच्यात. कोनी वाचून दाखवलं न्हाई."

"मंग परत नेता का?"

साळूबाईने मान हलवली. "कंबर गेली शेठ. भरल्यावर उचलत न्हाई. घासायला चिंच लागती ती येगळीच." तिने स्टीलचा हंडा कडेवर घेतला. पायरी उतरताना मात्र ती थांबली. "ते नाव बी वितळंल का हो?"

कचरूला 'व्हय' म्हणवलं नाही.

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. आधीची दोन भावंडं दगावली म्हणून आईने नजर लागू नये यासाठी त्याचं नाव कचरू ठेवलं होतं. हसनाबादला चौथीपर्यंत शिकला, मग सायकलला पाटी बांधून गावोगाव मोड गोळा करत हिंडला, आणि आता जालन्याच्या बाजारात त्याचं स्वतःचं दुकान होतं. घरोघरी स्टीलचं वेड लागलेलं होतं. बाया तांब्यापितळेची भांडी आणून ओतत, आणि दर आठवड्याला भरलेला ट्रक भट्टीकडे जाई.

त्या आठवड्यातही ट्रक गेला. धाकटा भाऊ संपत दुकानात आला, तर कोपऱ्यात एक हंडा उरलेला.

"दादा, हा राह्यला."

"राहू दे."

कचरूची आई सोनूबाई दुकानामागच्या खोलीतच राहायची. तिच्या लग्नातली घागर कचरू शाळेत जायच्या आधीच एका दुष्काळात जोंधळ्यासाठी गेली होती. तिच्यावर काहीतरी कोरलेलं होतं एवढंच तिला आठवे. काय, ते तिलाही माहीत नव्हतं. तेव्हा घरात वाचणारं कोणी नव्हतं. कचरूने पुष्कळ मोडवाल्यांकडे चौकशी केली, पण ती घागर कधीच भट्टीत गेलेली असणार.

त्यानंतर नावाचं भांडं आलं की तो बाईला वाचून दाखवी, ठरलेला भाव चुकता करी आणि भांडं बाजूला काढी. पराती, कळशा, घंगाळं, तांबे. मामाकडून, आत्याकडून, मैत्रिणींकडून. सातबाऱ्यावर ज्यांचं नाव कधी चढलं नाही अशा बाया त्याच्या गोदामात एकीवर एक रचल्या जात होत्या.

धंदा वाढत गेला. भावांनी औद्योगिक वसाहतीत स्टीलच्या भांड्यांचा कारखाना टाकला. गोदाम मात्र संपतच्या डोळ्यांत सलायचं.

"इतका माल अडकून पडलाय दादा. खर्चा कोन भरून देनार?"

चौऱ्याण्णव साली मुंबईचा एक व्यापारी आला. जुन्या भांड्यांना शहरातल्या बंगल्यांत, हॉटेलांत मागणी होती. त्याने गोदाम पाहिलं आणि सगळंच घ्यायची तयारी दाखवली.

"फक्त नावं घासून टाकू," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाला कोरं लागतं."

कचरूने त्याला चहा पाजला आणि स्टेशनपर्यंत रिक्षा करून दिली.

"असं कसं हाकलून दिलं?" संपत तापला. "काय कामाच्या हायेत ह्या बाया आपल्या? ना नात्याच्या, ना गोत्याच्या."

"आपन त्यांच्याच मोडीवर मोठं झालो ना?"

"मंग वाटनी करून टाका. बिलकुल राह्यचं न्हाई मला ह्यात."

वाटणी झाली. कारखाना संपतकडे गेला. कचरूने जुनं दुकान आणि गोदाम घेतलं. बाजारात हसू पिकलं. 'कचरूच्या वाट्याला कचरा आला,' असं लोक त्याच्या तोंडावर म्हणू लागले. संपतने बोलणं टाकलं. सणावारालाही यायचा बंद झाला.

कचरूची झोप उडाली. बायको कांताबाई मात्र शांत होती. "मी नांदायला आल्ते तवा नुसती सायकल होती," ती म्हणाली. "आता दुकान तरी हाय."

पन्नाशीच्या उंबरठ्यावर तो पुन्हा हिंडू लागला. शहागडपासून हायवेला धाबे वाढत होते, आश्रमशाळा निघत होत्या. त्यांना मोठी पातेली, चुली, पिंपं लागत होती. लहान गिऱ्हाइकामागे धावणाऱ्या बाजाराचं तिकडे लक्ष नव्हतं. कचरू स्वतः ट्रकवर बसून माल पोचवायचा, भांडं गळालं तर दुसऱ्या दिवशी बदलून द्यायचा. पाचसहा वर्षांत अख्ख्या जिल्ह्यात मोठ्या भांड्यांसाठी त्याचंच नाव घेतलं जाऊ लागलं. हसणारे आता उधारीसाठी पायरीवर बसू लागले.

अशातच एक दिवस सत्यशीलाबाई बादल्या घ्यायला आल्या. त्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या.

"एवढ्या बादल्या? घरात मान्सं किती हायेत बाई?" कचरूने विचारलं.

"पोरी आहेत. खेड्यातल्या. माझ्या दोन खोल्यांत राहतात, नाहीतर शाळा सुटते त्यांची. शहागडची एक हुशार मुलगी होती. तिला जागा देऊ शकले नाही, तर बापाने लग्न लावून टाकलं."

बादल्या काढायला कचरू गोदामात गेला. त्या मागोमाग आल्या आणि नावं वाचत राहिल्या. बादल्या बाहेर काढून झाल्या तरी त्या आतच होत्या.

"शेठ, हे तुम्ही कुणाला दाखवता?"

"कोनाला दाखवू?"

"ह्यांच्या नातींना दाखवा. पण त्याआधी त्या नातींना इथं राहायला छप्पर पाहिजे."

कचरूने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. घरी जाऊन कांताबाईशी बोलला. नव्या बंगल्यासाठी अंबड रोडला घेतलेला प्लॉट होता. "आपल्याला हाय ते घर बराबर हाय," कांताबाई म्हणाली, आणि विषय मिटला.

त्या प्लॉटवर मुलींचं वसतिगृह उभं राहायला दोन वर्षं लागली. वर मुलींच्या खोल्या, खाली स्वयंपाकघर आणि लांबलचक दालन. दालनात भांडी मांडली, नाव समोर येईल अशी.

उद्घाटनाला कचरूने पुढाऱ्यांना बोलावलं नव्हतं. बायांना बोलावलं होतं. टेम्पो भरभरून बाया आल्या. वाटूर, हसनाबाद, शहागड, कुठकुठल्या वाड्यांवरून. साळूबाई त्यांत नव्हती. ती मागेच वारल्याचं वाटूरच्या बायांनी सांगितलं. दालनात रेटारेटी झाली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या बाया वसतिगृहातल्या पोरींचा हात धरून ओढत होत्या. "हे पाह्य गं काय लिव्हलंय." कुणी बहिणीचं नाव सापडलं म्हणून हसत होतं, कुणी पदर डोळ्याला लावून हसत होतं.

गोजरबाई नावाच्या एका म्हातारीला तिची पितळी परात सापडली. तिने ती सरळ डोक्यावर घेतली.

"माझी हाय. मी नेनार."

सत्यशीलाबाई पुढे झाल्या, पण कचरूने त्यांना थांबवलं. "न्या मावशी. तुमचीच हाय."

गोजरबाई दारापर्यंत गेली. तिथून तिला स्वयंपाकघर दिसलं. ती वळली, परात आत नेऊन ओट्यावर ठेवली आणि आचाऱ्याला दम भरला. "परात पाह्यची नसती. मळायची आसती. पोरींचं पीठ हिच्यातच मळायचं."

दुपारी दालनाबाहेरच्या फरशीवर पानं मांडली. बायांसोबत आलेले हसनाबादचे जुने कारभारी सवयीने पहिल्या रांगेकडे निघाले. कचरू वरणाची बादली घेऊन आडवा आला.

"आधी बाया बसतील."

"आन आमी?"

"तुम्ही मंग."

कारभारी मागे सरले. बाया आधी एकमेकींकडे बघत राहिल्या, मग बसल्या. अशी पंगत कुणीच पाहिली नव्हती. वाढायला माणसं कमी पडू लागली. कचरू अर्ध्या रांगेत पोचला तेव्हा समोरून कोणीतरी गव्हाच्या भाजलेल्या बट्ट्यांची टोपली घेऊन वाढत येत होतं. संपत होता. फाटकापाशी किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. दोघे समोरासमोर आले.

"तिकडं वरन पोचलं न्हाई आजून," संपत म्हणाला.

"निघालोच," कचरू म्हणाला.

रांगेच्या मध्यावर सोनूबाई बसली होती. आजवर सगळे जेवून उठल्यावर चुलीपुढे बसून खाल्लेली बाई. तिच्या दोन्ही मुलांनी तिच्या पानात वाढलं. तिने बट्टी कुस्करली, मधे खळगा केला, वरण ओतून घेतलं.

बाहेर मांडवात पुरुषांची पंगत ताटकळत उभी होती. सोनूबाईला घाई नव्हती. पान रिकामं झालं तशी ती जरा सावरून बसली आणि म्हणाली, "आजून वाढ."