मधल्या विहिरीचं पाणी

"उपट," सासरा म्हणाला, पण सून वांग्याच्या सरीत तशीच उभी राहिली.

त्यांचा आणि आमचा बांध एकच, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. यंदा ऊन असं तापलं होतं की ढेकळांचे पायाला चटके बसायचे. सगळ्या विहिरींनी तळ गाठला. पाणी राहिलं ते फक्त यांच्या रानातल्या मधल्या विहिरीत. पण त्या पाण्यावर पीक काढलं की वर्षाच्या आत घरातला कर्ता माणूस जातो, असं गाव सांगतं. कोण गेलं, कधी गेलं, ते विचारू नका. ज्याला त्याला ते आजोबांनी सांगितलेलं, आणि आजोबा केव्हाच गेलेले.

सुनेचा नवरा शहरात कामाला. त्याचं त्यालाच पुरत नव्हतं, घर चालायचं ते या वांग्यांवर. रोपं माना टाकायला लागली तशी ती उजाडायच्या आत उठून त्या विहिरीतनं बादली बादली पाणी ओढायला लागली. हाताला फोड आले, पण रोपं तरारली. सगळ्या करपलेल्या रानात तेवढाच तुकडा हिरवागार, मग लपणार कसं?

गाव बघायला आलं. गिरणीवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, आपला नाही बाबा विश्वास, पण लोकांचं काय सांगावं. दुकानदारही तेच बोलला. ज्याला विचारावं त्याचा विश्वास नव्हता आणि प्रत्येकाला लोकांची भीती होती. हे लोक राहतात तरी कुठं, ते मला अजून कळलेलं नाही. पण ती वांगी कुणी घेणार नव्हतं, एवढं नक्की.

"मामंजी, फुलं धरलीत," सून म्हणाली. "थोडं थांबा की. तुम्हाला काही झालंय का?"

"मला काय धाड भरलीय? पण माझं वय झालंय, पोरी. उद्या साधा ताप आला तरी म्हणतील, सुनेनं सासऱ्याला खाल्लं. मी गेल्यावर तुझ्या बाजूनं कोण बोलणार?"

"म्हणजे तुम्हालाही हे खोटंच वाटतं."

"माझ्या वाटण्याला कोण विचारतं?"

तो खाली बसला आणि पहिलं रोप मुळासकट ओढलं. मी बांधावरून एक पाऊल पुढं टाकलं. पण मधे पडून मी तरी काय सांगणार होतो? माझंही रान वाळलं होतं आणि मीही त्या विहिरीकडे कधी फिरकलो नव्हतो. थोड्या वेळानं सूनही बसली. रडत रडत उपटायला लागली.

ऊन चढलं. म्हाताऱ्याच्या घशाला कोरड पडली. विहिरीच्या काठावर सुनेची बादली होती, सकाळचं पाणी तिच्यात तसंच होतं. तो उठला, ओंजळीनं पोटभर प्यायला, तोंडावरून ओला हात फिरवला.

"गोड आहे गं," तो म्हणाला, आणि पुढच्या सरीत जाऊन बसला.