भिंत पडावी म्हणून

आमच्या ह्यांच्या डोक्यात खूळ शिरलं की घरादाराला कामाला लावतं. आधी मधमाश्या झाल्या, मग सायकल झाली. यंदा मातीचं घर. विम्याच्या कचेरीत तीस वर्षं खुर्चीला चिकटून बसलेल्या माणसाला अचानक कळलं, की सिमेंटमध्ये आपला जीव गुदमरतो. तेव्हा फ्लॅट विकायचा, खालची बेकरी विकायची आणि शहराबाहेरच्या माळावर स्वतःच्या हातांनी घर बांधायचं. ती बेकरी अठरा वर्षं मी चालवतेय, हे बोलण्याच्या ओघात त्यांच्या लक्षातून जायचं.

मी भांडले नाही, अट घातली. आधी लेकीला घेऊन आपण तिघांनी आठ दिवसांच्या शिबिरात जाऊन काम शिकायचं. तिथे बांधलेली आपली भिंत शेवटच्या दिवशी टिकली, तर बेकरी विका. पडली, तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. हे लगेच हो म्हणाले. स्वतःबद्दल शंका घेण्याची त्यांना सवयच नाही.

शिबिर घेणारा गवंडी मोजकं बोलायचा. माती, वाळू, पाणी, पेंढा. पायांनी तुडवा, गोळे करा, एकावर एक थापा, एवढंच त्याने सांगितलं. प्रत्येक कुटुंबाला गुडघाभर उंच आणि तीन हात लांब भिंत बांधायची होती. आम्ही माणशी एक हात वाटून घेतली. हे वही आणि वजनकाटा घेऊन बसले. लेकीने पाय घालण्याआधी चिखलाचे फोटो काढले आणि घातल्यावर पायांचे. मी मात्र भिंत पडावी म्हणून देव पाण्यात घालून बसले होते.

पहिले दोन दिवस मी मन लावून वाईट काम केलं. तिसऱ्या दिवशी ह्यांनी कालवलेल्या मातीत हात घातला आणि माझं डोकंच फिरलं. पाणी जास्त, मध्ये कोरडी ढेकळं, पेंढ्याचे पुंजके तसेच. असं पीठ माझ्या बेकरीत कुणी मळलं असतं, तर मी त्याला भट्टीजवळ फिरकू दिलं नसतं.

"अहो, हे काय कालवलंय?"

"वहीप्रमाणे आहे सगळं."

"वहीला हात असतात का?"

माझा हातभर भाग मी खरवडून काढला आणि माती नव्याने मळली. एवढासा तर तुकडा, बाकीचं पडेलच, अशी मी स्वतःची समजूत घातली. गोळा मुठीत दाबायचा, बोटांना चिकटतोय की सुटतोय ते बघायचं; हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. सहाव्या दिवशी लेक म्हणाली, "आई, तू गुणगुणतेयस." मी तोंड मिटलं.

शेवटच्या दिवशी गवंडी एकेका भिंतीवर चढून उभा राहू लागला. हीच परीक्षा. आमच्या भिंतीवर त्याने ह्यांच्या टोकाला पाय ठेवला आणि ते टोक खाली बसलं. लेकीचा भाग तडकून अर्धा जमिनीवर आला. बेकरी वाचली होती. चेहऱ्यावर दुःख आणताना मला फार कष्ट पडले.

मग तो माझ्या तुकड्यावर चढला. टाच दोनदा आपटली, खाली उतरला आणि त्यावरून तळवा फिरवला.

"अशी मळलेली माती शिबिरात पहिल्यांदाच बघतोय. कुणी मळली?"

लेक माझ्याकडे बघत मूग गिळून गप्प राहिली, गुणाची पोर. मीही गप्प बसले असते, तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"वहीतलं प्रमाणच आहे ते," हे म्हणाले. "इथे नीट लागू पडलेलं दिसतंय."

"मी मळली," माझ्या तोंडून गेलं. "वहीकडे ढुंकूनही न बघता. तिन्ही हात मला दिले असते, तर तुम्ही सगळे वर नाचला असतात तरी भिंत हलली नसती."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ढासळलेल्या आपल्या टोकाकडे, आणि वही मिटली.

"मग ठरलं," ते म्हणाले. "घर तू बांध. आम्ही दोघं पाणी आणू."

मला संताप यायला हवा होता. अटीप्रमाणे मी जिंकले होते, आणि तसं ठणकावून सांगायला तोंड उघडलंही.

"माळावरची माती कशी आहे?" मी विचारलं.