डबा खाली ठेवा

मी एक जुना लोखंडी डबा आहे. पेट्रोलचा. माझा लाल रंग आता पोपडे धरून निघतो, झाकणाची कडी दाबायला दोन हात लागतात, म्हणून मला शेडच्या कोपऱ्यात बसवून ठेवलं आहे. पण मित्रांनो, मी नेहमीच असा नव्हतो. एका म्हातारीचा डोळा माझ्यापायी जाणार होता, आणि राहिला तोही माझ्यामुळेच. तेवढं सांगू द्या, मग मी पुन्हा गप्प बसेन.

माझा जन्म बेंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याचे दोन भाग दाबून जोडले, हवा भरून मला पाण्यात बुडवलं, आणि कुठूनही बुडबुडा आला नाही तेव्हाच मला बाहेर जाऊ दिलं. पुढे शहरातल्या चिकपेटेत पद्मनाभांच्या हार्डवेअरच्या दुकानात मी टांगलेला होतो. शेजारी प्लास्टिकचे कॅन स्वस्त म्हणून भराभर खपायचे. मला मोठा राग यायचा. पेट्रोल कशात न्यावं याची अक्कल लोकांना कधी येणार, असं मी मनात म्हणायचो.

ती अक्कल असलेला माणूस अखेर आला. त्यांचं नाव रघुनंदन. बेंगळूरात त्यांच्या किती पिढ्या गेल्या ते त्यांनाही सांगता येत नसे. ते मांडव, दिवे आणि जनरेटर भाड्याने द्यायचे. नव्वदच्या दशकातले दिवस, वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, त्यामुळे मला उसंत नव्हती. मी ट्रकच्या मागच्या बाजूला दोराने बांधलेला, उभाच्या उभा प्रवास करायचो. ट्रक नागोजी चालवायचा. तोही इथलाच जुना. घरी मराठी बोले, पण ती कन्नडशी संसार केलेली मराठी. 'स्वल्प', म्हणजे थोडं, आणि 'सरी', म्हणजे बरं, हे म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य पुढे सरकत नसे.

मग पुण्याहून शुभंकर नावाचा नवा सुपरवायझर आला. पोरगेला, पण नियमाचा पक्का. त्याने माझ्या पोटावर 'ज्वालाग्राही' अशी पट्टी चिकटवली, ट्रकमध्ये आग विझवायचं नळकांडं आणलं, आणि पेट्रोल असताना मागे माणसं बसवायची नाहीत, विडी ओढायची नाही, असा दंडक घातला. मला तो आवडला. मला कुणीतरी विचारात घेत होतं.

एकदा नागोजीने बंकवर, म्हणजे पेट्रोल पंपावर, मला ट्रकमध्येच ठेवून भरलं. ते शुभंकरने पाहिलं.

"नागोजी, डबा गाडीत भरायचा नाही," तो म्हणाला. "डबा कायम खाली ठेवायचा."

"सरी सर," नागोजी म्हणाला, आणि डोकं खाजवत निघून गेला.

इथेच सगळा घोटाळा झाला. पुण्याच्या माणसाला खाली म्हणजे जमिनीवर. ट्रक रबरी टायरांवर उभा असतो. पेट्रोल पडताना डब्यात वीज साठते, तिला जमिनीत जायला वाट मिळत नाही, आणि एक ठिणगी उडाली की संपलं. डबा जमिनीवर असला की ती वीज निघून जाते. शुभंकरला एवढंच म्हणायचं होतं. पण बेंगळूरात खाली म्हणजे रिकामा! नागोजीने ऐकलं ते असं, की डबा गाडीत भरायचा नाही, कायम रिकामा ठेवायचा. पुण्यात असा कायदा निघाला असेल, असं त्याला वाटलं. मला खरं ठाऊक होतं, पण मला तोंड आहे ते फक्त ओतण्यापुरतं.

त्याच आठवड्यात बोम्मसंद्र्याच्या पुढे एका शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं, आणि तिथला जनरेटर आमचा. नागोजीची आई यल्लव्वा तिथे मोतीबिंदू काढायला आली होती. तिचा एक डोळा पूर्वीच गेला होता, सगळी भिस्त या दुसऱ्यावर. ट्रकमध्ये बसवत नाहीत म्हणून कुरकुरत ती बसने आली. आणि गंमत पाहा, त्या दिवशी ट्रकमध्ये पेट्रोल नव्हतंच. जनरेटरच्या टाकीत होतं तेवढंच.

वीज सकाळीच गेली. दुपारपर्यंत जनरेटर चालला, मग खोकला आणि बंद पडला. आतून डॉक्टर अनुसूया बाहेर आल्या. "आत्ताचा पेशंट झाला म्हणून बरं. पुढच्या आजी टेबलावर आहेत. लवकर दिवा आला नाही तर मला उरलेले पेशंट परत पाठवावे लागतील. पुढचं शिबिर आता वर्षाने."

टेबलावर यल्लव्वा होती. शुभंकर धावत ट्रककडे आला.

"नागोजी, डबा?"

"खाली आहे, सर."

शुभंकर वाकला. ट्रकखाली पाहिलं, पायरीमागे पाहिलं. "अहो, खाली कुठे?"

"कुठे म्हंजे? खाली म्हंजे खाली! स्वल्पबी नाही. तुमीच सांगितलं की, कायम खाली ठेवायचा."

शुभंकरने मला उचललं. मी पिसासारखा वर आलो. त्याचा चेहरा पडला.

"अण्णा, मी जमिनीवर म्हणत होतो!"

नागोजीने कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या अव्वाचा डोळा..." एवढंच तो बोलला, आणि दोघे ट्रकमध्ये चढले.

बंक आला. नागोजीला एक क्षणही दवडायचा नव्हता. "गाडीतच भर रे, लौकर!" तो पंपवाल्यावर ओरडला. नळी माझ्या तोंडाशी आली. मित्रांनो, पेट्रोलचा थेंब माझ्या अंगी नव्हता, पण पोटात वाफ गच्च भरलेली होती, आणि वाफेला ठिणगी पुरते. मी खरोखर घाबरलो होतो. तेव्हा शुभंकरने नळी धरली आणि बोटाने जमीन दाखवली. नागोजीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मला उतरवलं, जमिनीवर नीट उभं केलं. वर थोडी जागा सोडून मला भरलं, झाकण आवळलं, दोराने बांधलं. घाईत होता, पण गाठ मारायला चुकला नाही.

शाळेत परतल्यावर त्याने हात जनरेटरजवळ नेला. इंजिन अजून तापलेलं होतं, त्यावर पेट्रोल सांडलं तर भडकाच. तो मला धरून उभा राहिला. आतून यल्लव्वाची हाक आली, "नागोज्या, किती वेळ रे?" त्याचे डोळे भरले, पण इंजिन निवेपर्यंत त्याने मला वाकवलं नाही. मग दिवा लागला. डॉक्टर आत गेल्या.

महिन्याभराने जाड भिंगांचा चष्मा लावून यल्लव्वा रघुनंदनांच्या आवारात आली. मी नुकताच भरून जमिनीवर उभा होतो. ती वाकली, माझ्यावरची पट्टी निरखली, मला वरपासून तळापर्यंत पाहिलं.

"हाच का तो? आज खाली आहे का भरलेला?"

"दोनी बी, अव्वा," नागोजी म्हणाला, आणि शुभंकर पोट धरून हसला.

आज तिघंही इथे नाहीत. परवा एकजण माझ्या तुटक्या मुठीला वेल्डिंग करायला मला उचलून नेत होता. "रिकामाच तर आहे," म्हणाला. रघुनंदनांनी पाहिलं म्हणून तो वाचला, आणि मीही. मित्रांनो, पेट्रोल संपलं तरी त्याची वाफ माझ्या पोटात उरते. म्हणून भरलेला असो की रिकामा, मला आगीपासून दूर ठेवा, झाकण लावून ठेवा. आणि कुणाला 'खाली' ठेवायला सांगाल, तेव्हा बोटाने जमीन दाखवा.